ही मोटार ‘तीच’ कशावरून? : एका बेंटलीचा सात-बारा

दौंड-शिरूर भागातल्या कुणालाही सात-बारा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पण एक प्रश्न विचारून बघा: सात-बाऱ्यावर नाव आहे, म्हणजे मालकी सिद्ध झाली का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. कायदा थोडं जपून बोलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अशी नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी असल्याचं गृहीत धरलं जातं. म्हणजे ते गृहीतक आहे, अंतिम पुरावा नाही. म्हणूनच जमीन घेताना वकील नुसत्या सात-बाऱ्यावर थांबत नाही. फेरफार काढा, जुनं खरेदीखत आणा, वारसनोंद दाखवा, असं सांगतो आणि या सगळ्या साखळीत कुठं कडी तुटलीय का ते बघतो.

संशोधनात या साखळीला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. वस्तू कुठून आली, कुणाकुणाच्या हातातून गेली, मधे तिचं काय काय झालं, याचा कागदोपत्री माग. तुमचा विषय इतिहास असो, पुरातत्त्व असो, हस्तलिखितं असोत की एखादी जुनी संस्था असो, हा प्रश्न कधी ना कधी येतोच: तुम्ही जिच्याबद्दल लिहिताय ती वस्तू ‘तीच’ आहे हे कशावरून?

आज हे समजून घ्यायला एक विलायती शर्यतीची मोटार घेऊ. मोटारच का? कारण या एका उदाहरणात धातू, कागद आणि नाव हे तिन्ही पुरावे एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण शेवटी न्यायालयात जाऊन एका न्यायाधीशाला लेखी उत्तर द्यावं लागलं. संशोधकाला एवढं तयार उदाहरण सहसा मिळत नाही.

आधी गाडीची ओळख

वॉल्टर ओवेन बेंटली यांनी १९१९ मध्ये बेंटली मोटर्स ही कंपनी सुरू केली. कारखाना उत्तर लंडनमधल्या क्रिकलवूडला. गाड्या उत्तम, पण कंपनी कायम पैशाच्या ओढाताणीत. १९२६ मध्ये हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचा वारस वुल्फ बार्नाटो याने पैसा ओतला आणि कंपनीचा ताबा घेतला. हा नुसता मालक नव्हता, स्वतः शर्यतीत उतरणारा चालक होता.

फ्रान्समध्ये ल मां इथे १९२३ पासून २४ तासांची शर्यत होते. बेंटलीने ती १९२४ मध्ये आणि मग १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं जिंकली. त्यातल्या शेवटच्या दोन विजयांशी आपला संबंध आहे. १९२९ मध्ये बार्नाटो आणि सर हेन्री ‘टिम’ बर्किन यांनी साडेसहा लिटर इंजिनाची ‘स्पीड सिक्स’ चालवून शर्यत जिंकली. तिच्यावर शर्यतीचा क्रमांक होता १. त्यावरून तिला ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव पडलं. १९३० मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी त्याच गाडीत पुन्हा ल मां जिंकलं.

१९३१ मध्ये बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. गाडी मात्र पळत राहिली. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी ती जिंकून दाखवली. ब्रुकलँड्स म्हणजे १९०७ साली खास मोटारींसाठी बांधलेला काँक्रीटचा ट्रॅक. वळणावर कडा उंच उचललेल्या. सप्टेंबर १९३२ मध्ये त्याच ५०० मैलांच्या शर्यतीत गाडी पुन्हा उतरली, पण या वेळी पोटात आठ लिटरचं इंजिन होतं. जॅकचा भाऊ क्लाइव्ह डनफी चालवत असताना गाडी उंच कडेवरून बाहेर फेकली गेली आणि क्लाइव्हचा मृत्यू झाला.

मोडलेली गाडी पुढे दुरुस्त झाली. तिच्यावर रस्त्यावर चालवायची, बंद छताची बॉडी चढली. नंतर मालक बदलले, बॉडी पुन्हा बदलली, आणि कित्येक वर्षांनी ती परत उघड्या शर्यतीच्या गाडीच्या रूपात आली.

इथपर्यंत वाचताना तुम्ही ‘ती’, ‘तिच्या’, ‘तीच गाडी’ हे शब्द सहज स्वीकारलेत. आता तिथेच बोट ठेवू.

एक कोटी पौंडांचा प्रश्न

एप्रिल १९९० मध्ये ही गाडी विकायचा करार झाला. किंमत १ कोटी पौंड. घेणारी कंपनी मिडलब्रिज सिमिटर. करारानंतर घेणारा मागे सरला. त्याचं म्हणणं साधारण असं: ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नाहीच. चासी ती नाही, इंजिन ते नाही, बॉडी ती नाही, मग आम्ही पैसे कशाचे द्यायचे? विकणारा न्यायालयात गेला. ‘हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटर’ हा खटला लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर चालला आणि निकाल जुलै १९९० मध्ये लागला.

क्षणभर तुम्हीच न्यायाधीश आहात असं समजा. काय विचाराल? घाईत असलेला विद्यार्थी एकच प्रश्न विचारतो: खरी की खोटी? मुरलेला संशोधक तो प्रश्न आधी फोडतो. इथे तीन प्रश्न एकात गुंतलेत.

पहिला, धातूचा प्रश्न: आज समोर असलेल्या गाडीत १९२९ सालचे किती भाग आहेत?

दुसरा, कागदाचा प्रश्न: १९२९ पासून १९९० पर्यंत ही गाडी कुणाकडे होती, तिच्यात कोणता बदल कधी झाला, याची साखळी सलग आहे का?

तिसरा, नावाचा प्रश्न: ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव नेमकं कशाला लागू होतं? लोखंडाला, नोंदीला, की कीर्तीला?

तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. इथे तशीच आली.

प्रत्येक कागद काय सांगतो, काय सांगत नाही

मालकीचा आणि शर्यतींचा इतिहास लिहिताना कोणते पुरावे हाताशी असतात ते बघू. प्रत्येकाची ताकद वेगळी आणि खोडही वेगळी.

चासी क्रमांक. हा गाडीचा जन्मदाखला. आपल्या गाडीचा मूळ क्रमांक एलबी २३३२. पण क्रमांक लोखंडावर ठोकलेला असतो, आणि लोखंड बदलता येतं. चासीचा सांगाडा वाकला, नवा घातला, क्रमांक जुनाच ठेवला, असं शर्यतीच्या गाड्यांत घडतं. म्हणजे क्रमांक ओळख सांगतो. धातूची हमी देत नाही.

इंजिन क्रमांक. हा तर त्याहून चंचल. शर्यतीच्या संघाकडे एकसारख्या अनेक गाड्या असतात. रात्रीतून एकीचं इंजिन काढून दुसरीत बसवायचं ही नेहमीची रीत. आपल्या गाडीत तर १९३२ पर्यंत इंजिनाची जातच बदलली होती.

नोंदणी क्रमांक. गाडीची पाटी होती ‘एमटी ३४६४’. ‘एमटी’ हे मिडलसेक्स काउंटीचं अक्षर, जसं आपल्याकडे एमएच-१२ म्हटलं की पुणे. नोंदणीच्या वहीतून मालकांची नावं आणि तारखा मिळतात. पण ब्रिटनच्या नोंदणीपत्राबाबत एक नियम लक्षात ठेवा: त्यावर ज्याचं नाव असतं तो गाडी सांभाळणारा, तो कायदेशीर मालक असेलच असं नाही. आठवलं का काही? सात-बारा!

शर्यतीतला क्रमांक. इथे नवखे हमखास फसतात. जुन्या फोटोत बॉनेटवर ‘१’ दिसला की ती ‘ओल्ड नंबर वन’, असं वाटतं. पण हा क्रमांक त्या शर्यतीपुरता असतो. १९३० च्या ल मांमध्ये याच गाडीवर ४ हा आकडा होता. म्हणजे फक्त १ बघून शोधलं तर तिचा दुसरा मोठा विजय तुमच्या हातून निसटेल, आणि १ क्रमांकाच्या भलत्याच गाड्या जाळ्यात येतील. परीक्षेतला बैठक क्रमांक दरवर्षी बदलतो. त्यावरून माणूस शोधू नये.

बातम्या आणि मासिकं. ‘द ऑटोकार’ हे नियतकालिक १८९५ पासून, ‘मोटर स्पोर्ट’ १९२४ पासून (सुरुवातीला ‘ब्रुकलँड्स गॅझेट’ या नावाने). शर्यतीच्या आठवड्यातच छापलेला वृत्तान्त मोलाचा, कारण तेव्हा दंतकथा तयार झालेली नसते. मात्र बातमीदार चालकाचं नाव अचूक लिहितो. कोणत्या चासीवर कोणतं इंजिन होतं हे त्याला माहीत असेलच असं नाही.

तारीख जुळवा: ‘ब्लू ट्रेन’ची गोष्ट

दंतकथा किती घट्ट बसते याचा नमुना याच बार्नाटोच्या दुसऱ्या बेंटलीत सापडतो. मार्च १९३० मध्ये त्याने पैज लावली: कान शहरातून निघणारी ‘ब्लू ट्रेन’ ही प्रसिद्ध रेल्वे कॅलेला पोचायच्या आत मी मोटारीने लंडन गाठतो. त्याने गाठलंही, सांगतात की अवघी चार मिनिटं आधी.

कोणत्या गाडीतून? पुढची कित्येक दशकं उत्तर ठरलेलं होतं: गर्नी नटिंग यांनी बांधलेली, उतरत्या छताची देखणी स्पीड सिक्स कूपे. तिचं नावच ‘ब्लू ट्रेन बेंटली’ पडलं. रेल्वेशेजारून सुसाट निघालेल्या त्या कूपेचं चित्रही काढलं गेलं आणि ते घरोघरी पोचलं.

मग कुणीतरी साधं काम केलं: कागदांवरच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. पैज मार्चमधली. कूपे तयार होऊन मालकाच्या हाती आली मे महिन्यात. जी गाडी अजून पूर्ण झालेली नाही, तिच्यातून पैज कशी जिंकणार? पैजेची खरी गाडी होती मुलिनर यांची बॉडी असलेली, त्यामानाने साधी दिसणारी चार दारांची स्पीड सिक्स.

बघा, इथे कुणी खोटं बोलायची गरज पडली नाही. मालक एक, मॉडेल एक, वर्ष एक. आणि दोघींतली देखणी ती लोकांच्या लक्षात राहिली. तुमच्या विषयातही असंच होतं. अमुक वाड्यात अमुक बैठक झाली, असं सगळे लिहितात. तुम्ही फक्त वाड्याच्या बांधकामाची तारीख बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच नवा शोधनिबंध उभा राहतो.

न्यायमूर्ती काय म्हणाले

परत खटल्याकडे. धातूच्या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्याला अवघड होतं. १९२९ साली ल मां जिंकलेल्या गाडीचे म्हणून पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच आणि स्टिअरिंग कॉलम एवढेच भाग शिल्लक असल्याचं न्यायालयाने नोंदवलं. एवढ्यावर निकाल द्यायचा असता तर घेणारा जिंकला असता.

पण न्यायमूर्तींनी शब्द वेगळे केले. ‘मूळ स्वरूपातली’ म्हणायची तर ती कारखान्यातून बाहेर पडली तशीच हवी. त्या अर्थाने ही गाडी मूळ स्वरूपातली नाही. मात्र ‘अस्सल’ हा शब्द वेगळा. कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत या गाडीच्या इतिहासात खंड पडलेला नाही, हे त्यांनी मान्य केलं. भाग बदलले, पण एकदम नाही. हळूहळू, इतक्या काळात बदलले की प्रत्येक नवा भाग त्या गाडीत मुरत गेला आणि कोणत्याही टप्प्यावर ती ‘दुसरी गाडी’ झाली नाही. शिवाय, ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर हक्क सांगू शकेल अशी जगात दुसरी गाडी नाही. आणि करारात विकायला होतं ते नुसतं लोखंड नव्हतं. इतिहास आणि कीर्तीही होती.

निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. करार पाळा, असा आदेश झाला.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे थिसियसचं जहाज आठवलं असेल: एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का? पण न्यायालय कोड्यावर थांबू शकत नाही, त्याला निर्णय द्यावा लागतो. संशोधकाचंही तसंच. ‘हा गहन प्रश्न आहे’ असं लिहून प्रकरण संपवता येत नाही. मी ‘तीच’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतोय, हे लिहावं लागतं.

शिरूरच्या घाटात हाच प्रश्न

हे सगळं लांबचं वाटत असेल तर शिरूर तालुक्यातली एखादी यात्रा डोळ्यांसमोर आणा. बैलगाडा शर्यत. स्पीकरवरून गाडा पुकारतात तो मालकाच्या आणि गावाच्या नावाने. बारी झाली की सेकंद मोजतात. दहा वर्षांपूर्वी ज्या गाड्याने घाट गाजवला, तोच गाडा आजही पळतो असं लोक म्हणतात. पण तेव्हाचे बैल आज नाहीत, गाडा नवा बांधलेला, हाकणारी पोरं वेगळी. मग टिकलं काय? मालकाचं घराणं, गावाचं नाव आणि लोकांच्या तोंडी असलेली कीर्ती. न्यायमूर्ती ऑटन यांनी लंडनमध्ये जे मान्य केलं, ते आपल्या घाटात न लिहिता चालत आलंय.

आता यात एक गाठ आहे. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. म्हणजे मधे सात वर्षांचा खंड. ‘खंड न पडणं’ ही कसोटी लावली तर २०२१ नंतरचा गाडा ‘तोच’ की नवा? आणि खंड कागदावर होता की गोठ्यातही? खिल्लार बैल सांभाळणं थांबलं होतं का? मुलाखती, जुन्या हँडबिलं, मानाच्या ढाली यांवरून याचं उत्तर शोधता येईल. कुणी विषयाच्या शोधात असेल तर हा घ्यावा.

व्याख्या बदलली की निकाल बदलतो

सिनॉप्सिसमध्ये ‘व्याख्या’ हे शीर्षक आपण बहुतेकदा शब्दकोश बघून भरतो. ते किती महागात पडू शकतं बघा. ‘व्हिंटेज’ हा एकच शब्द घेऊ. ब्रिटनमधला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब, स्थापना १९३४, हा शब्द १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांसाठी वापरतो. ती तारीख ठरलेली, पुढे सरकत नाही. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आणि ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ही सीमा दरवर्षी पुढे सरकते.

म्हणजे १९७० सालची मुंबईत बनलेली फियाट भारतात व्हिंटेज होऊ शकते, ब्रिटिश क्लबच्या व्याख्येत कधीच नाही. आणि उलटं बघा: आपल्या नियमात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको अशी अट आहे. ‘ओल्ड नंबर वन’ इथे आणली असती तर या अटीपाशीच अडली असती. लंडनच्या न्यायालयाने इतिहासाचं सातत्य बघितलं, आपला नियम धातू बघतो. दोन्हींपैकी चूक कुणी नाही; दोघांचं काम वेगळं. नियमाला आरटीओच्या टेबलावर तपासता येईल अशी कसोटी हवी असते. न्यायालयाला करारात काय विकलं गेलं ते ठरवायचं असतं. तुमच्या प्रबंधाचं काम काय, त्यावर तुमची व्याख्या ठरते.

तुमच्या कामासाठी

वस्तू कोणतीही असो, लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. रकाने सात: तारीख, ठिकाण, ताबा कुणाकडे, कायदेशीर मालक कोण, वस्तूत झालेला बदल, पुरावा कोणता, आणि तो पुरावा घटनेनंतर किती काळाने तयार झाला. हा शेवटचा रकाना बहुतेक जण करत नाहीत, आणि ‘ब्लू ट्रेन’सारख्या गोष्टी नेमक्या तिथेच पकडल्या जातात.

रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवा. १९३५ ते १९४० काहीच सापडलं नाही, तर तिथे ‘बहुधा’ लिहून पूल बांधू नका. रिकामा रकाना हाच पुढच्या शोधाचा पत्ता असतो.

नावांची जुनी रूपं आधी गोळा करा. इंग्रजी कागदांत आज आपण लिहितो तसं ‘दौंड’ शोधलंत तर ब्रिटिश काळातलं फार काही मिळणार नाही. रेल्वेच्या आणि सरकारी जुन्या कागदांत ते ‘धोंड’ असं, डी-एच-ओ-एन-डी या अक्षरांनी येतं. गाडीचा शर्यतीतला क्रमांक बदलतो, तसं गावाचं स्पेलिंगही.

सराव करायचा असेल तर घरातल्याच एखाद्या जुन्या वाहनावर करा. राजदूत असेल, जीप असेल, ट्रॅक्टर असेल. आरसी बुकातली नावं उतरवा, इंजिन कधी खोललं ते गॅरेजवाल्याला विचारा, बॉडी कुणी बदलली ते घरच्यांना विचारा, आणि दोघांचं कुठं जुळत नाही ते लाल पेनने मांडा. दोन रविवारांचं काम आहे. पण व्हायवाला परीक्षक चष्म्यावरून बघत ‘हे तेच कशावरून?’ असं विचारतील, तेव्हा कुठून सुरुवात करायची हे तुम्हाला ठाऊक असेल: आधी विचारा, ‘तेच’ म्हणजे धातू, कागद की नाव?